बारा टनांची स्पोर्ट्स कार

आमच्या शिरोळ तालुक्यात पैसा रुपयांत मोजत नाहीत, टनांत मोजतात. "लेकीचं लग्न साठ टनांत उरकलं", "बोअर पंचवीस टन खाऊन कोरडीच गेली", "पोरगं पुण्यात बसून वर्षाला चाळीस टन उडवालंय" अशी आमची भाषा. टन अर्थातच उसाचा, आणि टनाला तीन हजारांच्या आसपास धरायचे. कॅल्क्युलेटर लागत नाही. समोरच्याच्या तोंडावरून पेरं मोजता येतात.

त्यामुळे मी जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी उभी करायचं ठरवलं, तेव्हा शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढून खाली लिहिलं, 'अंदाजे खर्च : बारा टन.' गाडीचं स्वतःचं वजन आठशे किलो. म्हणजे तिच्या वजनाच्या पंधरापट ऊस तिच्यात घालायचा होता. आईनं चष्मा लावून वही वाचली आणि विचारलं, "ह्यात चरक कुठं हाय?" मी म्हटलं, चरक नाही, ही गाडी आहे. ती म्हणाली, "मग रस कशाचा निघणार?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

गाडी मिळाली मिरजेत. मिरज हे डॉक्टरांचं गाव, आणि एके काळी डॉक्टर लोकांच्या दारात जी छोटी, नाकेली, दोन दारांची गाडी असायची ती स्टँडर्ड हेरॉल्ड. एका बंद दवाखान्यामागच्या शेडमध्ये ती वीसेक वर्षं उभी होती. अंगावर कबुतरांचं काम, सिटांत उंदरांचा संसार, आणि मागच्या काचेवर 'डॉक्टर'चं लाल क्रॉसचं स्टिकर. एका वयस्क म्हशीच्या किमतीत सौदा झाला. घरी आल्यावर हीच तुलना सगळ्यांनी केली, फक्त म्हशीच्या बाजूनं.

आता ही स्पोर्ट्स कार आहे का? इथं मी जरा सावरून बसतो, कारण ह्या मुद्द्यावर माझ्या घरात, गल्लीत आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये मतभेद आहेत. हेरॉल्ड मुळात इंग्लंडची, ट्रायम्फ कंपनीची, १९५९ सालची. रेखाटली इटलीतल्या तुरीनच्या जोव्हानी मिकेलोत्ती ह्यांनी. आपल्याकडं मद्रासजवळच्या वंडलूरला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात ती १९६१ पासून दहाएक वर्षं तयार झाली. आणि हेरॉल्डचीच चासी आखूड करून, त्याच मिकेलोत्तींच्या हातून, १९६२ साली ट्रायम्फनं स्पिटफायर काढली. ती मात्र अस्सल स्पोर्ट्स कार. बिनटपाची, दोन सिटांची, वारा खात जाणारी. म्हणजे माझी गाडी स्पोर्ट्स कारची सख्खी थोरली बहीण. लग्नाच्या बाजारात एवढ्या नात्यावर स्थळं खपतात.

"स्पोर्ट म्हंजे काय खेळतीय ती?" शेजारच्या तात्यांनी विचारलं. कोल्हापूर जिल्ह्यात स्पोर्ट म्हणजे तालीम, लाल माती आणि खासबागचं मैदान. तात्या तरुणपणी आखाड्यात उतरलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पैलवान जोखतात तशी मागून-पुढून जोखली आणि विचारलं, "ताकद किती?"

"पस्तीस हॉर्सपॉवर."

"माझ्या ट्रॅक्टरला पंचेचाळीस हाय," तात्या म्हणाले. "आणि त्यो कवा स्वतःला स्पोर्ट म्हणवून घेत न्हाई."

हेरॉल्डची खरी करामत मात्र पहिल्याच दिवशी गल्लीनं मान्य केली. ह्या गाडीचं बॉनेट उघडतं म्हणजे नुसतं झाकण उघडत नाही. मडगार्ड, दिवे, नाक सगळं अख्खं पुढच्या बाजूला कलंडतं. कृष्णेत अर्जुनवाडच्या अलीकडं-पलीकडं मगर उन्हाला जबडा वासून पडलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. जबडा वासला की इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं, आणि पुढच्या टायरवर आरामात बूड टेकून काम करता येतं. ही सोय इतकी उत्तम निघाली की दुसऱ्या दिवसापासून डाव्या टायरवर तात्या सकाळचा पेपर वाचायला बसू लागले. उजवा टायर माझ्यासाठी ठेवत.

मी दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू करणार होतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे आधी आराखडा, मग कृती, मग निरीक्षण, अनुमान असा क्रम डोक्यात पक्का. पण २०१९ चा ऑगस्ट आधी आला.

शिरोळकडच्या माणसाला पावसाळ्यात स्वतःचा रक्तदाब माहीत नसतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी माहीत असते. एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून पुढं किती गेलं, हे बायाबापड्या भाकरी थापताना सांगतात. त्या वर्षी पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली, कृष्णा तिला भेटायला मागं सरकली, आणि आमचा तालुका दोघींच्या मधे सापडला. आम्ही म्हशी काढल्या, धान्य काढलं, आईच्या आग्रहानं लोणच्याच्या बरण्या काढल्या. गाडी राहिली. बंद गाडी ओढायला त्या वेळी ट्रॅक्टर मागणं म्हणजे मार मागणं होतं.

पाणी उतरल्यावर आठवड्यानं परत आलो. गाडी जागेवरच होती, तोंड पूर्वेला, अंगावर बोटभर गाळ, आणि दोन्ही दारं पाण्याच्या रेट्यानं सताड उघडी. तात्या माझ्याआधी पोचले होते. डोक्यावरची टोपी काढून, हात जोडून उभे.

"काय झालं तात्या?"

"उत्तरंच्या दारानं आत आलं, दक्षिणंच्या दारानं भाईर गेलं," तात्या म्हणाले. "लेका, तुझ्या गाडीचा दक्षिणद्वार सोहळा झाला!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या नृसिंहवाडीला, म्हणजे सगळ्यांच्या नरसोबावाडीला, कृष्णा चढली की तिचं पाणी दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला लोक मध्यरात्री लांबून धावत येतात. तोच मान माझ्या हेरॉल्डला मिळाला होता. पादुकांच्या जागी क्लच आणि ब्रेक. गाळ काढताना ड्रायव्हरच्या सिटाखाली एक जिवंत खेकडा निघाला. दक्षिणद्वारी तोच बसला होता.

इथून पुढं वहीचा खरा उपयोग सुरू झाला.

इंजिनखालचा नट उघडला तर आधी स्वच्छ पाणी आलं, मग गाळाचं पाणी, मग दुधाळ चहासारखं काहीतरी, आणि शेवटी, नाइलाज झाल्यासारखं, थोडं ऑइल. चारही पिस्टन गच्च. मेस्त्री म्हणाले, "प्लगच्या भोकातनं डिझेल सोडा आणि इसरा." मी सोडलं, पण विसरलो नाही. रोज आंघोळीआधी पुढच्या पुलीवर मोठा पाना लावायचा, अंगाचं वजन टाकायचं, मग शाळेत जायचं. चौतीस दिवस इंजिन हललं नाही, माझा खांदा मात्र हलला. पस्तिसाव्या दिवशी 'कर्र' असा आवाज आला आणि पाना सुताएवढा फिरला. मी अंगणात एकटाच नाचलो. बायको दारात येऊन म्हणाली, "माझ्या पास होण्याला पण एवढं नाचला नव्हता." ती बी.एड. झाली तेव्हाची गोष्ट.

पान्यांची कथा वेगळीच. आपल्याकडचे पाने मिलिमीटरचे, गाडीचे नट इंचांचे. आणि ह्यात एक लबाडी आहे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे बारा पूर्णांक सात मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो. बसतो म्हणजे बसल्यासारखा दाखवतो, सरकारी कामात 'बघतो' म्हणतात तसा. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि आपली बोटं मडगार्डावर. अशा गोल केलेल्या नटांचा माझ्याकडं बिस्किटाचा एक डबा भरला. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारातून इंचांचे पाने आणले. वहीत नोंद : पाने, पाव टन. बँडेज, आयोडीन, टी.टी.चं इंजेक्शन हे बायकोनं घरखर्चात घातलं, ती तिची मेहरबानी.

गंज हा मोठा खर्च. पत्रा कुठं राहिलाय आणि कुठं नुसता रंगच पत्र्याचं सोंग करून उभा आहे, हे अंगठा दाबल्याशिवाय कळेना. मोठ्या भागांवर काथ्या, घासपेपर आणि दोन भाडोत्री पुतणे कामाला लावले. पण बारीक भागांचं काय? बिजागऱ्या, कड्या, ब्रॅकेट, स्प्रिंगांच्या पट्ट्या? ह्यावर उसाच्या मुलखात एक इलाज आहे आणि तो अख्ख्या जगाला माहीत आहे, फक्त आम्हालाच नव्हता. मळी! साखर काढून उरलेली काळी मळी एक भाग, पाणी नऊ-दहा भाग, त्यात गंजलेलं लोखंड दोन-चार आठवडे बुडवून ठेवायचं. मळीतली द्रव्यं गंजाला धरून विरघळवतात आणि चांगल्या लोखंडाला हात लावत नाहीत. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातले गाडीवेडे ही मळी जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून विकत आणतात, आणि मी तिच्या माहेरी राहतो!

गुऱ्हाळवाल्या चुलत्यांकडं काकवीचे दोन डबे बिघडून पडले होते, त्यांनी ते फुकट दिले, शिवाय थोडी मळीही मिळवून दिली. गोठ्यामागं निळं पिंप लावलं, पाणी भरलं, लोखंड सोडलं, झाकण ठेवलं. पहिला आठवडा मुंग्यांचा गेला. दुसऱ्या आठवड्यात पिंपाला फेस आला आणि वास सुटला. वास असा, की वाऱ्याची दिशा असेल तिकडची माणसं थबकून उभी राहत. मग संध्याकाळच्या सुमाराला काही मंडळी गोठ्यामागून उगीचच जाऊ लागली. नमस्कार करू लागली. एरवी मला 'मास्तर' म्हणणारा एक जण 'सर' म्हणाला. शेवटी एकानं जवळ येऊन हळूच विचारलं, "सर, पहिल्या धारंची कवा निघणार?"

मी त्याला विज्ञान समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "व्हय व्हय. बाहेर असंच सांगायचं."

तीन आठवड्यांनी लोखंड काढलं, पाण्यानं धुतलं, आणि खरोखर, साठ वर्षांपूर्वीचं करडं चकाकतं पोलाद हातात आलं. आनंदाच्या भरात मी अ‍ॅल्युमिनियमचं एक झाकणही पिंपात टाकलं. मळी लोखंडाची मित्र, अ‍ॅल्युमिनियमची नव्हे. आठ दिवसांनी झाकणाची चाळण निघाली. उरलेली मळी उकिरड्यावर ओतायला गेलो तर म्हैस दावं ओढून पिंपाकडं येत होती. तिला अडवायला मी आणि ढकलायला ती, असा सामना झाला. खासबागला शोभला असता.

वायरिंगला ट्रॅक्टरचा इलेक्ट्रिशियन बोलावला. चांगला हुशार माणूस. त्यानं बॅटरीकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "सर, कुणा खुळ्यानं पॉझिटिव्ह बॉडीला दिलंय." मी सांगायचा प्रयत्न केला की त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांची रीतच ती, अधिकाची वायर अंगाला. तो म्हणाला, "साठ वर्षं चुकीचं चाललंय म्हणून बरोबर होतं व्हय?" प्रश्न तत्त्वाचा होता, त्यामुळे मी गप्प बसलो. त्यानं वायरी फिरवल्या. डायनामोजवळच्या डबीतून एक पांढरी, शांत, निमुळती धुराची रेघ निघाली, उदबत्तीसारखी. आई आतून म्हणाली, "कुठली रं उदबत्ती? वास चांगला न्हाई." वहीत नोंद : कट-आउट, एक टन.

पण इथंच मला आमच्या मुलखाची श्रीमंती कळली. मुंबई-पुण्यात ज्या गाडीला पार्ट नाही म्हणून ती भंगारात जाते, ती आमच्याकडं जाऊ शकत नाही. पश्चिमेला इचलकरंजी आहे. तिथं मागाचे सुटे भाग करणारा लेथवाला माझ्या पुढच्या चाकाचं झिजलेलं बुश तर्जनी-अंगठ्यात धरून दिव्यासमोर फिरवतो, मोजमापाची पट्टी न उचलता म्हणतो, "दोन दोऱ्या गेलंय," आणि तासाभरात गनमेटलचं नवं हातावर ठेवतो, अजून गरम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्रेसष्ट मिलिमीटरच्या पिस्टनचा ब्लॉक बोअर करून देणारा म्हातारा होता. त्यानं आयुष्यभर शेतीच्या ऑइल इंजिनांची पोटं साफ केलेली. माझा ब्लॉक बघून तो म्हणाला, "केवढंसं पिल्लू हे! पाणी किती इंची ओढतंय?"

आणि हुपरी! चांदीच्या पैंजणांसाठी गाजलेलं हुपरी. दिव्यांच्या भोवतीच्या दोन रिंगा मी तिथल्या एका कारागिराकडं नेल्या. "ही चांदी न्हाई," तो म्हणाला. मी म्हटलं, पितळ आहे, वरचा मुलामा गेलाय, नुसती झळाळी आणा. त्यानं पैंजण बफ करायच्या चाकावर रिंग धरली. पाच मिनिटांनी माझ्याकडं फिरवली तेव्हा त्यात माझा अख्खा चेहरा दिसला, दाढीचे पांढरे खुंट मोजता येतील इतका. "घडणावळ काय?" विचारलं तर म्हणाला, "पायात घालायची का गाडीत?" गाडीत म्हटल्यावर पैसेच घेतले नाहीत. बहुधा दया आली असावी.

म्हणता म्हणता बारा टनांचे सव्वीस झाले. एका अडसाली पिकाचं बिल आलं की इंजिन पुढं सरके, खोडव्याचं आलं की पत्रा. चौदा दिवसांत बिल द्यावं असं कायदा सांगतो, तेवढ्याच विश्वासानं मीही घरी 'चौदा दिवसांत गाडी चालू' असं सांगत असे.

मग २०२१ चा जुलै आला, आणि पुन्हा बंधारा पन्नाशीच्या पुढं. ह्या वेळी मात्र मी, तात्या, दोन पुतणे आणि इलेक्ट्रिशियन (तत्त्व विसरून) रात्री बॅटऱ्या लावून गाडी सोडायला बसलो. आणि चार तासांत ती सुटली. अक्षरशः! बॉनेट वेगळं, दारं वेगळी, मागची पेटी वेगळी, टप वेगळा. हेरॉल्ड बोल्टांनी जोडलेली गाडी आहे. त्यामागं एक अडचण होती. त्या काळी नव्या गाड्या अखंड पत्र्याच्या पेटीसारख्या होऊ लागल्या होत्या. पण ट्रायम्फवाल्यांना ज्या कारखान्यातून अशी बॉडी मिळाली असती तो १९५३ सालीच प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला होता. मग कोव्हेंट्रीच्या लोकांनी जुन्या पद्धतीची वेगळी चासी केली, अंगाचे तुकडे इकडून-तिकडून करून घेतले आणि बोल्टांनी जुळवले. त्यांची तेव्हा पंचाईत झाली असेल. माझी गाडी मात्र त्या पंचाइतीमुळं वाचली.

तुकडे ट्रॉलीत भरले. ट्रॉलीत मागं दोन म्हशी, एक रेडकू, मधे मगरीचा जबडा, कडेला आई, तिच्या मांडीवर लोणच्याची बरणी आणि डिस्ट्रीब्यूटर. जयसिंगपूरच्या बाजूला उंचावर जनावरांची सोय केली होती, तिथं एक तरुण पोरगा वहीत नोंद घेत होता.

"जनावरं किती?"

"दोन म्हशी, एक रेडकू," मी म्हटलं.

त्यानं ट्रॉलीत वाकून पाहिलं. "आणि हे?"

"हे भाकड हाय," आई म्हणाली. "वैरण लागत न्हाई. लिहू नको."

पाणी ओसरलं आणि आम्ही परत आलो. गल्लीभर तेच दृश्य जे २०१९ ला होतं, त्याआधी २००५ ला होतं. घरोघर अंगणात फ्रीज उताणे, टीव्हीच्या पाठी उघड्या, पाण्याच्या मोटारींची वाइंडिंगं उन्हात पसरलेली, गाद्यांचा कापूस पिंजायला काढलेला, मोटारसायकलींच्या टाक्या उलट्या, मुलांच्या पुस्तकांची पानं एकेक करून दोरीवर. जो तो काहीतरी उघडत होता, धूत होता, वाळवत होता, जोडत होता. आणि मला वाटत होतं की जुनी गोष्ट पुन्हा उभी करायचा छंद तालुक्यात माझ्या एकट्याला आहे! मला लोक खुळा म्हणायचे ते जुनी वस्तू दुरुस्त करतो म्हणून नव्हतं. ती पाण्यानं बिघडवायच्या आधीच, आपल्या हौसेनं बिघडलेली विकत आणली, म्हणून होतं.

त्या महिन्यात माझं अंगण दवाखाना झालं. इंचांचे पाने कुणाच्या उपयोगाचे नव्हते, पण चेन-ब्लॉक होता, डिझेलचा पिंप होता, आणि गच्च बसलेलं इंजिन पस्तीस दिवसांत सुटतं हा अनुभव होता. अकरा मोटारी, सात मोटारसायकली आणि एक शिलाई मशीन मी सोडवली. फीच्या बदल्यात कुणी दाराला लांबी भरून दिली, कुणी सिटाला काथ्या घातला. कुरुंदवाडच्या एका गादीवाल्यानं रेक्झिन शिवून दिलं, रंग बासुंदीचा. मी निळा सांगितला होता. तो म्हणाला, "मळका दिसत न्हाई."

गाडी सुरू झाली ती गेल्या वर्षी, दत्तजयंतीच्या आधी. सुरू झाली म्हणजे एकदा खोकली, दोनदा शिंकली, मग सायलेन्सरमधून पुराच्या वेळचा राहिलेला मुंगळा आणि धूर एकदमच बाहेर पडले, आणि ती बोलू लागली. अंगणातल्या अंगणात वळवली. हेरॉल्ड पंचवीस फुटांत पूर्ण गोल फिरते, बैल घाण्याला फिरतो तशी. तात्या पेपर घेऊन मधे उभे राहिले आणि मी त्यांच्याभोवती चार प्रदक्षिणा घातल्या. पाचव्या फेरीला पेट्रोलच्या पाइपातून थेंब पडू लागले.

मेस्त्री म्हणाले, "इथेनॉल. जुनं रबर खातंय." आता पेट्रोलमध्ये शंभरात वीस भाग इथेनॉल. ते कशापासून होतं? उसापासून. म्हणजे माझ्याच शेतातला ऊस एका बाजूनं बिलाच्या रूपानं गाडीत येत होता, आणि दुसऱ्या बाजूनं पेट्रोलच्या टाकीतून येऊन तिचे पाइप खात होता. आईला हे सांगितलं तेव्हा तिला पहिल्यांदाच समाधान वाटलेलं दिसलं. "रस निघाला म्हणायचा," ती म्हणाली.

राहता राहिला कायदा. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्रानं वेगळा नियम केला. वीस हजार रुपये भरायचे, म्हणजे सहा-सात टन, मग नंबरात 'व्ही ए' अशी अक्षरं मिळतात आणि दहा वर्षं चिंता नाही. अट एकच. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. बाहेर काढायची ती प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. मी हा नियम दोनदा वाचला. पेट्रोल आणि दुरुस्ती, ह्याखेरीज आमची गाडी कधी कशाला बाहेर पडलीच नव्हती. कायद्यात इतका चोख बसणारा माणूस तालुक्यात दुसरा नसेल.

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक निघते, तेव्हा लोक दुतर्फा उभे राहतात. "ती वर्षातनं एकदा का होईना, निघती," बायको म्हणाली. तेव्हा मी ठरवलं की आता रॅलीत जायचंच.

फक्त एक काम राहिलंय. पूर आला की गाडीचे तुकडे आता गल्लीत वाटून ठेवतात, ते नेमूनच दिलेत. बॉनेट दूधवाल्याच्या स्लॅबवर, उजवं दार इलेक्ट्रिशियनच्या माळ्यावर, मागची पेटी शेजारच्या काकूंकडं, त्यात त्या पापड ठेवतात. पाणी उतरलं की तुकडे परत येतात, थोडे पापडाच्या वासासकट. सगळे आले. हुपरीच्या दोन रिंगांपैकी एक मात्र आली नाही.

परवा सकाळी तात्यांकडं गेलो. न्हाणीच्या बाहेर खिळ्याला ती रिंग टांगलेली, आत गोल आरसा अगदी मापात बसवलेला, आणि तात्या समोर उभे, अर्ध्या तोंडाला साबण.

"तात्या, रिंग पायजे होती. रॅलीला जायचं म्हणतोय."

तात्यांनी आरशातूनच माझ्याकडं पाहिलं.

"ने की," ते म्हणाले. "पर दाढी झाल्यावर."